पाणी कुणाचे? (भाग ६) : ताळेबंदात नसलेली मुठा

खडकवासल्याच्या कालव्याची आवर्तने, म्हणजे पाणी सोडण्याच्या पाळ्या, कशा ठरतात, ते गेल्या आठवड्यात पाहिले. १५ ऑक्टोबरचा साठा मोजायचा, बाष्पीभवन वजा करायचे, पुण्याचे पिण्याचे पाणी बाजूला काढायचे आणि उरलेल्यातून हवेली, दौंड, इंदापूरची रब्बी आणि उन्हाळी आवर्तने बसवायची. या ताळेबंदात शहराच्या नावापुढे आकडा असतो, शेतीपुढे असतो, बाष्पीभवनापुढेसुद्धा असतो. मुठा नदीच्या नावाची ओळच नसते.

टेमघर मुठेवर, पानशेत आंबीवर, वरसगाव मोसेवर. तिन्हींचे पाणी खाली खडकवासल्यात येते. चारही धरणांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी. खडकवासल्याहून पाणी एकीकडे शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रांकडे जाते, दुसरीकडे कालव्याने दौंड-इंदापूरकडे. नदीत ते सोडले जाते मुख्यतः पावसाळ्यात, धरण भरले की. एरवी शहरातल्या पात्रात जे वाहताना दिसते, ते बहुतांशी आपलेच सांडपाणी.

नदीला पाणी किती मिळते याइतकेच ते कधी आणि कसे मिळते, यालाही महत्त्व आहे. मृगाच्या सरींनंतर चढणाऱ्या गढूळ पाण्याबरोबर अनेक मासे वर सरकतात आणि अंडी घालतात. आता तो पहिला लोंढा धरणे भरण्यात जातो. मग एका दिवशी दरवाजे उघडतात आणि कोरड्या पात्रात हजारो क्युसेक येऊन आदळतात. पुन्हा दरवाजे बंद. १९व्या शतकात कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची नोंद केली, तिच्यात मळ्या आहे. खडकाला चिकटून वाहत्या पाण्यात जगणाऱ्या अशा माशाने या पात्रात राहायचे कुठे?

राष्ट्रीय जलनीती २०१२ मध्ये नदीच्या प्रवाहाचा काही भाग परिसंस्थेसाठी राखावा, असे स्पष्ट म्हटले आहे. मुठेसाठी म्हणजे किती? एक ढोबळ हिशेब करू. ५० क्युसेकचा विसर्ग आठ महिने अखंड ठेवला, तर साधारण १ टीएमसी पाणी लागते. साठ्याच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास. नदीची खरी गरज अभ्यासानेच ठरेल, ५० हा आकडा अंतिम नाही. पण मागणी किती आवाक्यातली आहे, ते यावरून कळते.

हे १ टीएमसी आणायचे कुठून? दौंडच्या शेतकऱ्याच्या वाट्यातून ते काढणे मला अन्यायाचे वाटते. शहर वाढले तसा त्याचाच वाटा आधी कापला गेला. त्याची भरपाई म्हणून मुंढव्याला जॅकवेल बांधून शुद्ध केलेले सांडपाणी जुन्या बेबी कालव्यात सोडण्याची योजना झाली. कल्पना उत्तम. मात्र मैलापाणी पुरते शुद्ध झाले नाही, तर शेतकऱ्याच्या पदरात शहराची घाणच पडते, आणि ही तक्रार तिथले शेतकरी वर्षानुवर्षे करत आहेत. तेव्हा नदीचे पाणी शहराच्या गळतीतून निघायला हवे. महापालिका मंजूर कोट्याहून जास्त पाणी उचलते, हा जलसंपदा विभागाचा जुना आक्षेप आहे; त्यातले पुष्कळ पाणी नळापर्यंत पोचतही नाही.

उघड्या कालव्याऐवजी आखलेल्या खडकवासला ते फुरसुंगी बोगद्याकडेही याच नजरेने पाहावे लागेल. उघड्या कालव्याची गळती थांबून पाणी वाचेल, हे खरे. त्या पाझरावर भरणाऱ्या विहिरींचे काय, हा प्रश्न वेगळा आणि गंभीर आहे. पण वाचलेल्या पाण्यावर हक्क सांगायला शहर आणि शेती दोघेही आधीच उभे आहेत. नदीचा वाटा आत्ताच लिहून ठेवला नाही, तर पाणी वाचेल आणि पात्र तसेच राहील.

नदीत सोडलेले पाणी वाया जाते, हा आक्षेप हमखास येतो. मुठेचे पाणी संगमावर मुळेला मिळते, पुढे भीमेला, तिथून उजनीत जाते. वाटेत काठची गावे ते उपसतात, विहिरींना ते पाझरते. आवर्तने ठरवणाऱ्या कालवा सल्लागार समितीच्या येत्या ऑक्टोबरच्या बैठकीत हा विषय मांडायला लोकप्रतिनिधींना कायदा बदलण्याची वाट पाहावी लागत नाही. ताळेबंदात मुठेच्या नावाने एक ओळ घालायची आहे, आणि तिच्यापुढे शून्य लिहायचे नाही.

(पुढील भागात : मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात नेमके काय होते?)