धान्याची पिशवी आणि पुरावा : आरोग्य-संशोधनाच्या पद्धतींची ओळख

दरवर्षी या अहवालातून आम्ही रुग्णसेवेचे तक्ते, जमाखर्च आणि देणगीदारांची नामावली आपणांपुढे ठेवतो. यंदा त्यांच्या जोडीला एक वेगळा विषय मांडत आहोत. त्याला निमित्त झाले ते दोन प्रश्नांचे, आणि हे प्रश्न आम्हांला वारंवार विचारले जातात. देणगीदार विचारतात, "क्षयरुग्णांच्या कुटुंबांना धान्य दिल्याने खरोखर फरक पडतो काय?" आणि एखाद्या अभ्यासात सहभागी होण्याबद्दल विचारणा झाली की रुग्णाचे नातेवाईक विचारतात, "आमच्या माणसावर प्रयोग तर करणार नाही ना?" हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे देण्यासाठी संशोधन कसे चालते हे थोडे समजून घ्यावे लागते. उदाहरणे विखुरलेली नसावीत म्हणून क्षयरोग हा एकच आजार आम्ही येथे घेतला आहे.

कृतज्ञतेची पत्रे पुरावा का ठरत नाहीत?

बरे झालेल्या रुग्णांची पत्रे प्रत्येक रुग्णालयाच्या अहवालात असतात. ती वाचून आम्हांला समाधान वाटते आणि आपणांसही वाटत असावे. मात्र अमुक एका उपायाने गुण येतो हे त्यांवरून सिद्ध होत नाही. जे बरे झाले त्यांनी पत्रे लिहिली. जे मध्येच उपचार सोडून गेले त्यांची पत्रे आमच्याकडे नाहीत. धान्याची पिशवी न्यायला दर महिन्याला येणारा रुग्ण बहुधा जवळ राहणारा असतो, त्याच्या घरी काळजी घेणारे माणूस असते आणि तो औषधेही वेळेवर घेतो. मग तो बरा झाला तो धान्याने, औषधांनी की घरच्यांच्या मायेने? अशा एकमेकांत मिसळलेल्या कारणांना वेगळे करणे हेच संशोधन-पद्धतीचे मुख्य काम आहे. कोणती पद्धत योग्य, हे प्रश्न कोणता आहे यावर ठरते.

किती जणांना? – एका वेळची पाहणी

पहिला प्रश्न असतो आजाराच्या व्याप्तीचा. त्यासाठी लोकसंख्येतून नमुना निवडून ठरावीक काळात तपासणी करतात. ही पद्धत गावाचे एका क्षणी छायाचित्र घेण्यासारखी आहे. भारतात २०१९ ते २०२१ या काळात क्षयरोगाची राष्ट्रीय पाहणी झाली. पंधरा वर्षे व त्यावरील वयाच्या दर एक लाख व्यक्तींमागे ३१६ जणांना फुप्फुसाचा क्षय असल्याचे तीत आढळले. त्याहून विचार करायला लावणारी गोष्ट अशी, की क्षयाची लक्षणे असलेल्यांपैकी सुमारे ६४ टक्के व्यक्ती उपचारासाठी कोठेही गेल्याच नव्हत्या. रुग्णालयात बसून केवळ बाह्यरुग्ण विभागाची नोंदवही पाहणाऱ्यांना ही माणसे कधीच दिसली नसती.

या छायाचित्राची मर्यादाही लक्षात ठेवावयास हवी. क्षयरुग्ण कृश असतात असे पाहणीत दिसले, तर कृशतेमुळे क्षय झाला की क्षयामुळे कृशता आली, हे त्यावरून सांगता येत नाही. आधी काय आणि मागून काय, हे छायाचित्रात उमटत नाही.

कशामुळे? – मागे वळून पाहणे

कारणांचा शोध घेण्याचा एक मार्ग म्हणजे ज्यांना आजार झाला ते आणि ज्यांना झाला नाही ते, अशा दोन्ही गटांच्या भूतकाळाची तुलना करणे. यास 'केस-कंट्रोल' अभ्यास म्हणतात. तामिळनाडूमध्ये मृत्यू पावलेल्या सुमारे ४३,००० पुरुषांच्या आणि ३५,००० जिवंत पुरुषांच्या धूम्रपानाच्या सवयींची अशी तुलना करण्यात आली. २००३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. धूम्रपान करणाऱ्या पुरुषांमध्ये क्षयाने मृत्यू येण्याचे प्रमाण धूम्रपान न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट होते. विडीचा संबंध केवळ कर्करोगाशी आहे, असे समजणाऱ्यांना हा मोठाच इशारा होता.

ही पद्धत कमी वेळात आणि कमी खर्चात उत्तर देते. पण तिची भिस्त आठवणीवर असते. गेलेल्या माणसाच्या सवयी घरच्यांना विचाराव्या लागतात, आणि स्मरण दगा देऊ शकते.

पुढे काय होते? – सोबत चालणे

दुसरा मार्ग उलट दिशेचा आहे. आज एका समूहाची नोंद करावयाची आणि पुढे महिनोन् महिने, प्रसंगी वर्षानुवर्षे त्याचा पाठपुरावा करावयाचा. यास 'कोहॉर्ट' अभ्यास म्हणतात. झारखंडमधील २,८०० क्षयरुग्णांना औषधोपचारासोबत पोषक शिधा देऊन त्यांच्या वजनाची नोंद ठेवण्यात आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले, की पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्क्यांनी वाढले त्यांच्यात मृत्यूचा धोका सुमारे ६१ टक्क्यांनी कमी होता. वजनकाट्यासारखे साधे उपकरणही किती मोलाचे असते, हे यावरून ध्यानी यावे.

तरीही शंका उरतेच. ज्यांचे वजन वाढले त्यांचा आजार मुळातच सौम्य असेल तर? ही शंका फेडण्यासाठी आणखी एक पाऊल पुढे जावे लागते.

उपायाने फरक पडतो काय? – चिठ्ठी टाकून तुलना

दोन गट पाडताना कोणी कोणत्या गटात जावे हे डॉक्टरने ठरवावयाचे नाही, रुग्णानेही नाही. ते चिठ्ठी टाकल्याप्रमाणे ठरावे, ही कल्पना वरकरणी विचित्र वाटते. पण तिच्यामुळे वय, गरिबी, आजाराची तीव्रता अशा ज्ञात आणि अज्ञात गोष्टी दोन्ही गटांत साधारणपणे सारख्या विभागल्या जातात. मग उरलेला फरक उपायाचा, असे म्हणता येते. ब्रिटनमध्ये १९४८ साली प्रसिद्ध झालेली स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी हे तिचे प्रख्यात आरंभीचे उदाहरण होय. औषध फार थोडे उपलब्ध होते, सर्वांना देणे शक्यच नव्हते. १०७ रुग्णांपैकी ५५ जणांना ते मिळाले. सहा महिन्यांत त्यांतील ४ दगावले. औषध न मिळालेल्या ५२ जणांपैकी १४ दगावले.

यानंतरची महत्त्वाची चाचणी मद्रास शहरात झाली. त्या काळी क्षयरुग्णास वानलेसवाडी, पाचगणी अशा ठिकाणच्या आरोग्यधामात महिनोन् महिने ठेवण्याची रीत होती. घरचा कर्ता माणूस वर्षभर दूर राहिला, म्हणजे कुटुंबाची काय अवस्था होत असेल याची कल्पना करता येईल. मद्रासमध्ये १९३ रुग्णांची चिठ्ठीप्रमाणे विभागणी करून काहींना आरोग्यधामात व काहींना घरी ठेवून तीच औषधे देण्यात आली. १९५९ साली जाहीर झालेला निष्कर्ष असा, की घरी राहून उपचार घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले. घरच्यांना लागण होण्याचा धोकाही त्यामुळे वाढला नाही. आज आपला रुग्ण स्वतःच्या घरी राहून औषधे घेतो, त्यामागे त्या १९३ जणांचे ऋण आहे.

कधी कधी उत्तर मनाविरुद्धही येते. चेंगलपट्टू येथे १९६८ पासून अडीच लाखांहून अधिक लोकांना बीसीजी लस अथवा तिच्यासारखेच दिसणारे निरुपद्रवी द्रव टोचण्यात आले. कोणास काय मिळाले हे तपासणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर असे दिसले, की मोठ्या माणसांना होणाऱ्या फुप्फुसाच्या क्षयापासून ही लस संरक्षण देत नाही. बालकांना होणाऱ्या मेंदूच्या क्षयासारख्या गंभीर प्रकारांपासून ती बचाव करते, असे अन्य अभ्यासांतून दिसले आहे. म्हणूनच नवजात बालकास ती आजही टोचतात. निराशाजनक उत्तर लपवून न ठेवता प्रसिद्ध करणे हाही संशोधनाचा धर्मच आहे.

धान्याच्या प्रश्नाचे उत्तर

आता मूळ प्रश्नाकडे वळू. मद्रासच्या चाचणीत आरोग्यधामातील रुग्णांचा आहार अधिक सकस होता, तरीही घरचे रुग्ण मागे पडले नाहीत. मग आहाराला महत्त्व नाही काय? तसा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. तेथे प्रश्न होता औषधे घेणारा रुग्ण घरी बरा होतो काय, हा. त्याच्या घरातील अर्धपोटी माणसांना पुढे क्षय होऊ नये यासाठी अन्नाचा उपयोग होतो काय, हा प्रश्न निराळा आहे.

तो झारखंडमध्येच, वर उल्लेखिलेल्या रुग्णांच्या घरातील १०,३४५ व्यक्तींबाबत तपासण्यात आला. शिधा सर्वच रुग्णांना मिळाला; रुग्णास अन्नावाचून ठेवणे उचित नव्हते. चिठ्ठीप्रमाणे निवडलेल्या भागांत मात्र घरातील इतरांनाही शिधा देण्यात आला. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार शिधा मिळालेल्या कुटुंबांत क्षयाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी आढळले.

असे टक्के वाचताना सावध असावे, अशी आमची विनंती आहे. ३९ टक्के घट याचा अर्थ शंभरातील ३९ माणसे वाचली असा नव्हे. शिधा न मिळालेल्या घरांत दर हजारी सुमारे २६ व्यक्तींना क्षय झाला, शिधा मिळालेल्या घरांत सुमारे १७ जणांना. म्हणजे हजारामागे नऊ माणसांचा बचाव. हा आकडा लहान वाटेल. पण ज्या घरात आधीच एक रुग्ण आहे, तेथे दुसरा होऊ न देणे केवढे असते, हे त्या घरालाच विचारावे.

आकडे जेथे थांबतात

रुग्णाने गोळ्या का थांबवल्या, सुनेने आजार सासरी का लपवला, हे कोणत्याही चाचणीने कळत नाही. त्यासाठी समाजशास्त्राची वाट धरावी लागते. मोजक्या माणसांशी सविस्तर बोलणे, गटचर्चा घेणे, त्यांच्यात राहून निरीक्षण करणे, यांस गुणात्मक संशोधन म्हणतात. 'किती' हे त्यातून कळत नाही, 'का' हे कळते. धान्य वाटपाची रांग चारचौघांत लागते म्हणून कोणी येत नसेल, तर हे कळल्याखेरीज उत्तम योजनाही फसते.

संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी

आता नातेवाइकांच्या प्रश्नाचे उत्तर. संशोधनात सहभाग ही सक्ती नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक अभ्यासास नैतिकता समितीची मान्यता लागते, आणि त्या समितीत वैद्यकीय क्षेत्राबाहेरील सामान्य व्यक्तीही असावी लागते. २००९ पासून औषध-चाचण्यांची नोंद राष्ट्रीय नोंदवहीत आधीच करणे बंधनकारक आहे, जेणेकरून गैरसोयीचा निष्कर्ष दडपता येऊ नये. सही करण्यापूर्वी आपण अवश्य विचारावे : हा अभ्यास कशासाठी आहे? भाग न घेतल्यास नेहमीचे उपचार मिळतील ना? अपाय झाल्यास जबाबदारी कोणाची? मध्येच बाहेर पडता येईल ना? समजेल अशा मराठीत उत्तर मिळाले नाही, तर सही करू नये. नकार दिल्याने उपचारांत तसूभरही फरक पडता कामा नये.

देणगीदार व विश्वस्त यांना आमचे निवेदन एवढेच, की आपण दिलेल्या प्रत्येक रुपयामागे दयेइतकाच विचारही असावा. "यास पुरावा काय?" असे आपण आम्हांला निःसंकोच विचारावे. कोठे पुरावा भक्कम आहे आणि कोठे आम्ही अजून केवळ आशेवर चाललो आहोत, हे आपणांस प्रांजळपणे सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.