दुसरा डीएनएस म्हणजे राखीव खेळाडू नव्हे

पंधरा-वीस संगणकांच्या कार्यालयात टॅलीचा डेटा एका मशीनवर असतो, प्रिंटर दुसऱ्या खोलीत, सीसीटीव्हीचा रेकॉर्डर तिसरीकडे. आयपी पत्ते पाठ करण्यापेक्षा या यंत्रांना नावं द्यावीत हे बहुतेकांना सुचतं. बहुतेक ठिकाणी ते काम अर्ध्यावर सुटतं, कारण नाव कधी चालतं, कधी चालत नाही. मग ‘लोकल डीएनएस बेभरवशाचं असतं’ असा शिक्का बसतो. खरं तर नावावरून पत्ता सांगणारं डीएनएस नेमून दिलेलं काम चोख करत असतं; चुकतात त्याच्याबद्दलच्या आपल्या समजुती.

त्यांतली सर्वांत महागात पडणारी समजूत अशी: राउटरमध्ये पहिल्या रकान्यात आपला सर्व्हर आणि दुसऱ्यात गूगलचा ८.८.८.८ टाकला, की पहिल्याला न सापडलेलं नाव दुसरा शोधून देतो. असं होत नाही. ‘हे नाव अस्तित्वात नाही’ हेसुद्धा डीएनएसमध्ये पूर्ण उत्तर आहे. ते मिळाल्यावर संगणक आणखी कोणाला विचारत बसत नाही. दुसऱ्या सर्व्हरकडे तो वळतो ते पहिल्याकडून वेळेत काहीच उत्तर आलं नाही तर. वीज जाऊन आली, आपला सर्व्हर सुरू व्हायला दोन मिनिटं लागली, तेवढ्यात विंडोजने गूगलला विचारलं, असं सहज घडतं. तुमच्या टॅलीच्या मशीनची गूगलकडे नोंद असण्याचा प्रश्नच नाही. तिथून ‘असं नाव नाही’ असं उत्तर येतं आणि संगणक ते खरं मानतो. काही यंत्रणा तर एकदा दुसऱ्या सर्व्हरकडे गेल्या, की पहिला सुरू झाला तरी लगेच त्याच्याकडे परतत नाहीत. एका टेबलावर नाव उघडतं आणि शेजारच्या टेबलावर उघडत नाही, त्याचं कारण अनेकदा एवढंच असतं.

संगणकांना दिलेल्या प्रत्येक डीएनएस सर्व्हरला तुमची सगळी नावं ठाऊक असली पाहिजेत. एकच सर्व्हर असेल तर एकच द्या. बंद पडण्याची धास्ती असेल तर त्याच नोंदी असलेला दुसरा सर्व्हर आतच उभा करा. एखादा जुना रास्पबेरी पाय त्यासाठी पुरतो. ‘मग बाहेरच्या वेबसाइट कशा उघडणार?’ असं विचारलं जातं. आपल्याला ठाऊक नसलेलं नाव आतला सर्व्हरच पुढे ८.८.८.८ किंवा १.१.१.१ ला विचारतो आणि उत्तर आणून देतो. बाहेरच्या सर्व्हरचा पत्ता त्याच्या सेटिंगमध्ये लिहायचा, प्रत्येक संगणकाच्या नाही.

दुसरा रुजलेला समज नावाच्या शेपटीचा. ‘डॉट लोकल’ ही घरगुती शेपटी आहे, ती बिनधास्त वापरावी, असं जुने इंजिनिअर आजही सांगतात. एके काळी मायक्रोसॉफ्टच्या लहान कार्यालयांसाठीच्या सर्व्हरमध्येही तीच सुचवलेली असायची. पण फेब्रुवारी २०१३ मध्ये आलेल्या आरएफसी ६७६२ ने ती मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवली. अ‍ॅपलची उपकरणं आणि अनेक लिनक्स संगणक ‘डॉट लोकल’चं नाव दिसलं की सर्व्हरला न विचारता नेटवर्कवरच्या सगळ्या यंत्रांना हाक मारतात. तुमची नोंद अचूक असली तरी ती वाचली जाईलच असं नाही. ‘डॉट डेव्ह’चं दुखणं वेगळं. ती गूगलच्या मालकीची खरीखुरी शेपटी आहे आणि डिसेंबर २०१७ पासून क्रोम तिच्यावरची पानं फक्त एचटीटीपीएसने उघडतो. घरासाठी ‘होम डॉट आर्पा’ २०१८ पासून अधिकृतपणे राखलेली आहे. खासगी वापरासाठी ‘डॉट इंटर्नल’ आयकॅनने २०२४ मध्ये कायमची बाजूला ठेवली. संस्थेचं स्वतःचं डोमेन असेल तर त्याचंच उपडोमेन घ्यावं. माझ्या मते हा सर्वांत निर्धोक मार्ग.

‘एवढा खटाटोप कशाला, प्रत्येक संगणकाच्या होस्ट्स फाइलमध्ये नावं लिहून टाकू’, हाही सल्ला मिळतो. दोन-तीन संगणकांना तो ठीक आहे. पण मोबाइलवर ती फाइल सहजी बदलता येत नाही, आणि एक पत्ता बदलला की सगळी मशीन्स फिरून दुरुस्त करावी लागतात. इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट या नेटवर्कचंही हेच झालं होतं. तिथे साऱ्या संगणकांची नावं एकाच होस्ट्स फाइलमध्ये असत, ती स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सांभाळली जाई आणि तिची प्रत प्रत्येकाला उतरवून घ्यावी लागे. नेटवर्क वाढलं तसा तो डोलारा पेलवेना, म्हणून पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३ मध्ये डीएनएसची रचना मांडली. डीएनएस म्हणजे महागडा सर्व्हर हवा, हेही खरं नाही. डीएनएसमास्क हा फुकट, छोटा प्रोग्राम ओपनडब्ल्यूआरटीच्या राउटरमध्ये मुळातच असतो. पत्ते वाटणं आणि नावं सांगणं ही दोन्ही कामं तो करतो.

पत्ता बदलला की नोंद आपोआप बदलेल, असंही धरून चालू नये. हाताने लिहिलेली ए नोंद, म्हणजे नावावरून पत्ता सांगणारी नोंद, तशीच राहते. म्हणून सर्व्हर आणि प्रिंटरला पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीमध्ये मॅक पत्त्यानुसार ठरावीक आयपी बांधून द्या, मग नोंद करा. बदल पसरायला ४८ तास लागतात हा समज बाहेरच्या जगातून आला आहे. आतमध्ये जुनं उत्तर नोंदीच्या टीटीएलइतकाच, म्हणजे तिथे लिहिलेल्या सेकंदांइतकाच, वेळ टिकतं. ३०० लिहिलं तर पाच मिनिटं. ए नोंदीत पोर्ट लिहायला जागा नसते, त्यामुळे रेकॉर्डर ८०८० वर असेल तर नावापुढे तो आकडा टाइप करावाच लागेल. पत्त्यावरून नाव सांगणारी पीटीआर नोंद निराळी असते. काही सर्व्हर ती आपणहून तयार करतात, काहींवर वेगळी करावी लागते.

तपासतानाही एक फसगत होते. पिंग चाललं म्हणजे डीएनएस नीट आहे, असं मानलं जातं. पिंगला नाव होस्ट्स फाइलमधून किंवा विंडोजच्या स्थानिक हाकेतूनही मिळू शकतं. सर्व्हर काय सांगतो ते पाहायचं तर एनएसलुकअप वापरा आणि उत्तर कोणत्या सर्व्हरकडून आलं ती ओळ आधी वाचा. तिथे सगळं बरोबर असूनही फक्त मोबाइलवर नाव उघडत नसेल, तर अँड्रॉइडमधला ‘प्रायव्हेट डीएनएस’ पाहा. त्यात बाहेरच्या कंपनीचं नाव भरलेलं असेल तर तो फोन तुमच्या सर्व्हरला विचारतच नाही. ब्राउझरमधल्या ‘सिक्युअर डीएनएस’मुळेही असं होऊ शकतं. कार्यालयाच्या फोनवर आणि ब्राउझरमध्ये ही दोन्ही सेटिंग्ज तपासून घ्या, आणि राउटरचं डीएचसीपीचं पान उघडून दुसऱ्या रकान्यातला बाहेरचा पत्ता आजच काढा.