चौदानंतर थेट सोळा

शहापूर-मुरबाडच्या खाचरांत भाताची कापणी सुरू झाली, की दाण्यांमागे उंदीर येतात आणि उंदरांमागे घोणस. भारा उचलायला वाकावं, तर नेमकी त्याच्याखालीच वेटोळं घालून बसलेली. पण तिच्या विषातल्या एका प्रथिनाचा जवळजवळ प्रत्येक अणू कुठे बसलाय, हे आज ठाऊक आहे! त्याचं चित्र घरच्या संगणकावर फुकटात उघडून हवं तसं फिरवता येतं. अणू तर कुणी डोळ्यांनी पाहिलेले नाहीत. मग चित्र आलं कुठून?

प्रथिनाचं नाव फॉस्फोलायपेज ए-टू. पेशींच्या आवरणातली चरबी तोडणं हे त्याचं काम. दिल्लीच्या एम्समध्ये टी. पी. सिंग यांच्या गटाने त्याचे स्फटिक वाढवले. प्रथिनाचा स्फटिक भलताच नाजूक. साधारण निम्मं तर पाणीच. त्यावर क्ष-किरण सोडले की हाती येतात हजारो ठिपके.

घोळ इथेच आहे. ठिपका किती ठळक, एवढंच मोजता येतं. त्यामागची लाट कोणत्या टप्प्यावर होती, ते हरवतं. ढोलपथकातला प्रत्येक ढोल किती जोरात वाजला ते सांगायचं, पण टिपरू कधी पडलं ते लपवायचं, आणि वर म्हणायचं, ओळखा ताल! सॉफ्टवेअर मग सरळ उसनवारी करतं. याची वाट रॉसमन आणि ब्लो यांनी 1962 मध्ये दाखवली. नात्यातल्या एखाद्या प्रथिनाची आधीच उलगडलेली रचना घ्यायची, फिरवत-सरकवत ती नव्या स्फटिकात बसवायची आणि हरवलेले टप्पे तिच्याकडून घ्यायचे.

पण उसनी रचनाच पडद्यावर पुन्हा दिसत राहिली तर? संगणक आपल्याला हवं तेच दाखवत नाही कशावरून? 1992 मध्ये ॲक्सेल ब्रुंगर यांनी यावर नामी तोड काढली. पाच-दहा टक्के ठिपके आधीच बाजूला काढून ठेवायचे. रचना सुधारताना ते वापरायचेच नाहीत. शेवटी तिने त्यांचा अंदाज बरोबर बांधला तरच ती पास. दुसरी चाळणी आपल्याकडची. मद्रास विद्यापीठात रामचंद्रन आणि सहकाऱ्यांनी 1963 मध्ये, प्रथिनाची साखळी कुठल्या कोनांत वळू शकते आणि कुठल्या नाही, याचा नकाशा मांडला. आज जगभर कुठलीही नवी रचना त्याच्यावर तपासल्याशिवाय पुढे सरकत नाही.

आता पायमॉल या रचना दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये घोणशीच्या त्या प्रथिनाची फाइल उघडा आणि साखळीतल्या अमिनो आम्लांचे क्रमांक वाचत चला. बारा, तेरा, चौदा... सोळा! पंधरावा कुठे गेला? पुढेही असेच क्रमांक गळालेले. साखळीत अमिनो आम्लं 121, पण शेवटचा क्रमांक 133. नवशिक्याला वाटतं, तुकडा दिसलाच नाही. कधी कधी ते खरंही असतं. साखळीचा सैल, हलता भाग चित्रात उमटत नाही. मग खरं-खोटं कसं करायचं? चौदा आणि सोळा यांच्या मुख्य कार्बन अणूंमधलं अंतर मोजा. 3.8 अँगस्ट्रॉमच्या आसपास भरलं, तर ते शेजारीच आहेत. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग, आणि तो आपण माऊसने मोजतोय!

अंतर तेवढंच भरतं. गळालेलं काही नाही. क्रमांकच मुद्दाम सोडलेत. कारण हे क्रमांक घोणशीपुरते नाहीतच, ते सगळ्या कुळाचे आहेत. गाईच्या स्वादुपिंडात चरबी पचवणारं प्रथिन याच कुळातलं! 48 क्रमांकावर गाईतही हिस्टिडीन हे अमिनो आम्ल, घोणशीतही हिस्टिडीन, आणि चरबी तोडण्यात त्याचाच हात. हे जुळावं म्हणून मधल्या जागा रिकाम्या ठेवल्या. पचनाचं प्रथिन आणि विषातलं प्रथिन एकाच मुळातून आलेत, त्याचा माग क्रमांकांच्या या रांगेत लागतो.

2002 मध्ये एम्सच्या गटाने याच प्रथिनाच्या खोबणीत ॲरिस्टोलोकिक आम्ल अडकलेलं दाखवलं, 1.7 अँगस्ट्रॉमच्या बारकाईने. हे आम्ल सापसंदाच्या कुळातल्या वनस्पतींत असतं, आणि सापसंदाची मुळी सर्पदंशावर देण्याची रीत जुनीच. पण म्हणून लगेच मुळी उगाळायला घेऊ नका. हेच आम्ल मूत्रपिंडं निकामी करतं, कर्करोगही करतं. आणि घोणशीचं विष आधीच मूत्रपिंडांवर उठलेलं असतं. शिवाय विषात हे एकच प्रथिन नसतं. दंश झाला तर आवळून बांधू नका, चिरू नका. हात-पाय हलू न देता माणसाला थेट सरकारी रुग्णालयात न्या. प्रतिविष तिथे मिळतं.