पहिल्या नंबरचा मोह आणि घरचा हिशेब

आपल्या वस्त्यांमधली शिकलेली मुले आता नोकरीची वाट पाहत न बसता स्वतःचा धंदा टाकू लागली आहेत. कोणी वेल्डिंगचे दुकान काढतो, कोणी मंडप-डेकोरेशन करतो, तर कोणी मंगल परिणयाचे फोटो काढतो. ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु दुकानाचे शटर वर गेले की महिनाभरात एक फोन हमखास येतो. "सर, तुमचा धंदा गुगलवर पहिल्या नंबरवर आणून देतो. महिन्याला फक्त इतके हजार!" या कामाला सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन, थोडक्यात एसईओ, असे म्हणतात. यावर पैसा घालावा की घालू नये, हे आम्हाला वारंवार विचारले जाते.

आमच्या कळमेश्वरातलाच एक अनुभव सांगतो. ओळखीच्या एका आयटीआय झालेल्या मुलाने लोखंडी गेट, ग्रिल आणि टिनाचे शेड बनवण्याचे दुकान टाकले. हात चांगला, बोलणे सरळ. एका एजंटाने त्याला वर्षाचे ३६ हजार रुपये सांगितले. आईने महिला बचत गटातून कर्ज काढून ते भरले. भरण्यापूर्वी तो आम्हाला विचारायला आला होता. आम्हीही "नवा जमाना आहे, भरून टाक" असे सांगून मोकळे झालो. बी.कॉम. होऊन, इतकी वर्षे कारकुनी करूनही आम्ही साधा हिशेब मांडला नाही. ही चूक आमची!

सहा महिन्यांनी तो मोबाईल घेऊन आला. "काकाजी, पाहा, आपलं दुकान पयल्या नंबरवर येते!" आम्ही पाहिले. त्याने स्वतःच्या दुकानाचेच नाव टाकले होते. आम्ही म्हटले, "बाबू, दुकानाचं नाव ज्याले माहीत आहे, तो तं तुले ओळखतेच. ज्याले माहीत नाही, तो काय लिहून पाहीन?" मग त्याने 'लोखंडी गेट बनवणारा, कळमेश्वर' असे टाकले. दुकान कुठेच दिसेना. पोराचा चेहरा पडला. दुकानाला कुलूप लावून एमआयडीसीत ठेकेदाराकडे कामाला जातो, असे तो म्हणू लागला. त्याची आई आमच्या घरी येऊन एवढेच बोलली, "भाऊ, गटाचा हप्ता कसा भरू म्या?"

दिसण्याची ओढ आपल्याला का असते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. ३१ जानेवारी १९२० रोजी बाबासाहेबांनी 'मूकनायक' सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला 'केसरी'ने नकार दिला होता. ज्यांना पैसे मोजूनही दिसू दिले नाही, त्यांच्या नातवंडांना कोणी 'पहिल्या पानावर दाखवतो' म्हटले की मन भुलणारच. म्हणूनच येथे जास्त सावध राहायला हवे.

आता मूळ मुद्दा. गुगलच्या पानावर दोन प्रकारच्या जागा असतात. एक जाहिरातीची. तिच्यावर तशी खूण असते आणि कोणी त्यावर बोट ठेवले की दुकानदाराचे पैसे कटतात. दुसरी जागा विकत मिळत नाही. वेबसाइटवरचा मजकूर शोधणाऱ्याच्या किती उपयोगाचा आहे, इतर चांगल्या वेबसाइट तिचा हवाला देतात काय, अशा गोष्टींवरून तिचा क्रम ठरतो. नकाशावरच्या दुकानांसाठी तर गुगल तीन गोष्टी पाहते: शोधणाऱ्याला हवे तेच काम तुम्ही करता काय, तुम्ही त्याच्यापासून किती अंतरावर आहात आणि लोकांत तुमचे नाव किती आहे. पहिल्या नंबरची हमी कोणीच देऊ शकत नाही, हे खुद्द गुगलच सांगते. जो हमी देतो, त्याला दारातूनच परत पाठवावे.

आणि नकाशावर दुकानाची नोंद फुकट होते! त्या मुलाची हीच नोंद अर्धवट पडली होती. आम्ही रविवारी बसून ती पूर्ण केली. नाव मराठीत आणि इंग्रजीत, कामाचा प्रकार, वेळ, फोन नंबर आणि त्याने बनवलेल्या गेटांचे स्वच्छ फोटो. ज्यांचे काम झाले, त्यांना त्याने खरा अभिप्राय लिहायची विनंती केली. भाड्याचे खोटे अभिप्राय मात्र घ्यायचे नाहीत, हे बजावले. चौथे शील दुकानाच्या गल्ल्यावरही लागू असते.

कोल्हापुरात गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढले, तेव्हा अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून लोक फिरकेनात. राजर्षी शाहू महाराज स्वतः तेथे जाऊन सर्वांदेखत चहा प्याले. ज्याच्या शब्दाला वजन आहे, त्याची साक्ष धंद्याला अशी उभे करते. खऱ्या गिऱ्हाईकाचा अभिप्राय म्हणजे अशीच छोटी साक्ष होय.

मग आम्ही त्याला एक वही दिली. येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, 'आमचा पत्ता कुठून कळला?' आणि लिहून ठेवायचे. ३६ हजार म्हणजे महिन्याला ३ हजार. एका गेटामागे दीड हजार सुटत असतील, तर महिन्याला दोन जादा कामे आली की खर्च भरून निघतो, व्याज वेगळे. पण वही सांगू लागली, की बहुतेक कामे जुन्या गिऱ्हाइकांच्या सांगण्यावरून, मोहपा-धापेवाड्याकडून येतात. वेबसाइट पाहून कोणी येत नव्हते. वर्ष संपल्यावर त्याने पैसे पुन्हा भरले नाहीत.

याचा अर्थ एसईओ म्हणजे सरसकट फसवणूक, असा नाही. ज्याचे गिऱ्हाईक गावाबाहेरचे आहे, जो बुद्धमूर्ती वा शिवलेले कपडे कुरिअरने मुंबई-पुण्याला पाठवतो, किंवा कारखान्यांना सुटे भाग पुरवतो, त्याला अनोळखी माणसाने शोधूनच काढावे लागते. त्याने खर्च जरूर करावा. मात्र वेबसाइट स्वतःच्या नावावर असावी, पासवर्ड स्वतःकडे असावा, दरमहा काय काम केले ते लेखी घ्यावे. परिणाम दिसायला चार महिने ते वर्ष लागते. तेवढा दम आणि तेवढा पैसा असेल तरच हात घालावा. कर्ज काढून तर नाहीच.

बचत गटाचे चार हप्ते अजून बाकी आहेत. पण दुकानाचे शटर रोज सकाळी वर जाते आणि वही गल्ल्याशेजारी असते. बंधू-भगिनींनो, आपल्या घरात कोणी धंदा काढला असेल, तर आधी अशी वही घाला. पैसे द्यावेत की नाही, ते एजंटापेक्षा ती वही खरे सांगेल.

जयभीम!