टॅग जुळतील, अक्षरांचं काय?

पनवेलमध्ये उद्या नळाला पाणी येणार की नाही, हे कळायला एकाच दारात विचारून भागत नाही. जुन्या शहराचं स्वतःचं देहरंग धरण, त्याला जोड महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या पाण्याची. नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर ही सिडकोनं वसवलेली उपनगरं, त्यांचा हिशेब वेगळा. 2016 मध्ये महानगरपालिका झाली, तरी पाण्याच्या सूचना काढणारी कार्यालयं एकाहून अधिकच राहिली. समजा, इथल्या एखाद्या कॉलेजातल्या मुलीनं ठरवलं की या सगळ्यांच्या वेबसाइट रोज सकाळी प्रोग्रॅमकडून वाचून घ्यायच्या आणि पाणीबंदीची सूचना सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायची. पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलेला कोणीही तिला पहिलं नाव सुचवेल ते ‘ब्यूटिफुल सूप’चं.

लिओनार्ड रिचर्डसन या अमेरिकी प्रोग्रॅमरनं 2004 मध्ये ही लायब्ररी, म्हणजे आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येणारा तयार कोड, बनवली. ती फुकट आहे आणि कोडही खुला आहे. आज वापरात असलेली चौथी आवृत्ती 2012 मध्ये आली. वाट्टेल तशा लिहिलेल्या वेबपानाला प्रोग्रॅमर मंडळी ‘टॅग सूप’ म्हणतात. असं पान गिळून त्यातून हवा तो मजकूर काढून देणं, एवढंच तिचं काम. ‘ज्या तक्त्यात पाणीपुरवठा हा शब्द आहे, त्यातल्या प्रत्येक ओळीचा दुसरा रकाना दे’ ही मागणी तिच्याकडे चार-पाच ओळींच्या कोडमध्ये करता येते.

पण पानं मुळात का बिघडतात? वेबपानं ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमध्ये मजकुराभोवती टॅग लावतात: इथे परिच्छेद सुरू, इथे संपला, इथे ठळक, इथे ठळक बंद. बंद करायचा टॅग विसरला तरी ब्राउझर तक्रार करत नाही, अंदाज बांधून पान दाखवतो. नव्वदच्या दशकात वेब झपाट्यानं पसरलं त्यात या सैलपणाचाही वाटा होता. लोक दुसऱ्याच्या पानाचा कोड उघडून बघत, उचलत, आपल्या पानात चिकटवत. पान दिसतंय ना, मग झालं! अडचण अशी की नेटस्केप या ब्राउझरचा अंदाज वेगळा आणि इंटरनेट एक्सप्लोररचा वेगळा.

यावर आधी कडक शिस्तीचा उपाय झाला. 2000 मध्ये एक्सएचटीएमएल आलं. त्याचा नियम असा की एक चूक सापडली तरी पान उघडायचंच नाही. हा नियम कागदावरच राहिला. आधीची कोट्यवधी पानं दुरुस्त करायला कोण बसणार होतं? 2004 मध्ये अ‍ॅपल, मोझिला आणि ऑपेराच्या लोकांनी एक गट काढून उलटा रस्ता धरला. चुका होणारच, तेव्हा कुठल्या चुकीचा काय अर्थ लावायचा हेच त्यांनी पायरी-पायरीनं लिहून काढलं. एचटीएमएल5 मध्ये हे नियम आले आणि 2014 मध्ये ते अधिकृत प्रमाण झालं. आज वेगवेगळे ब्राउझर मोडकं पान सारखंच दाखवतात, त्यामागे ही नियमावली आहे.

तिचं काम जवळून पाहण्यासारखं आहे. समजा कोणी लिहिलं: ठळक सुरू, ‘पनवेल’, तिरपं सुरू, ‘महानगरपालिका’, ठळक बंद, ‘जाहीर सूचना’, तिरपं बंद. टॅग एकमेकांत अडकले, कारण आत उघडलेलं आधी बंद व्हायला हवं होतं. नियमानुसार ‘महानगरपालिका’ संपताच तिरपं आणि ठळक दोन्ही बंद होतात आणि ‘जाहीर सूचना’साठी तिरपं नव्यानं उघडतं. लिहिणाऱ्याच्या मनात होतं तेच पडद्यावर दिसतं. तक्त्याची गंमत आणखी वेगळी. रकान्याबाहेर, दोन ओळींच्या मध्ये कोणी ‘टीप: वेळ बदलू शकते’ असं लिहिलं, तर ते वाक्य उचलून तक्त्याच्या वर नेऊन ठेवलं जातं. शेवटी लिहिलेली टीप डोक्यावर का दिसते, हे कोडं अनेकांना पडलं असेल. त्याचं उत्तर हे.

हे सगळं ब्यूटिफुल सूप स्वतः करत नाही. टॅग वाचणारं यंत्र, म्हणजे पार्सर, ती दुसऱ्याचं वापरते. पायथनबरोबर येणारा साधा पार्सर, वेगवान एलएक्सएमएल किंवा ब्राउझरसारखाच अर्थ लावणारा पण संथ एचटीएमएल5लिब, यांतला एक निवडायचा. डॉक्टरचं एकच अक्षर दोन औषधवाले वेगवेगळं वाचू शकतात, तसंच इथे होतं. उघडलेली लिंक आणि लगेच परिच्छेद बंद करणारा टॅग, एवढाच तुकडा दिला तर पहिले दोघे तो बंद-टॅग सरळ टाकून देतात. तिसरा मात्र तिथे रिकामा परिच्छेद तयार करतो. म्हणून पार्सरचं नाव कोडमध्ये स्पष्ट लिहावं. नाहीतर तो लायब्ररी स्वतः निवडते आणि तोच कोड दुसऱ्या संगणकावर वेगळं उत्तर देऊ शकतो. मराठी विकिपीडियासह सर्व विकिमीडिया प्रकल्पांवर 2018 मध्ये ‘टायडी’ हे जुनं दुरुस्तीयंत्र काढून ‘रेमेक्स’ आणलं गेलं. त्याआधी संपादकांना जुन्या पानांतले विस्कटलेले टॅग शोधून नीट करावे लागले, कारण ही दोन यंत्रंही त्याच चुकीचा वेगवेगळा अर्थ लावत.

इथवरची कथा जगभर सारखी. मराठीत मात्र खरी गोम पुढे आहे.

युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी आपल्याकडे श्रीलिपी, शिवाजी, सीडॅकचे योगेश-सुरेख, कृतिदेव असे फॉन्ट चालत. काही कार्यालयांत अजूनही चालतात. कृतिदेवमध्ये ‘पनवेल’ टाइप केलं, तर संगणकात साठतात ती इंग्रजी अक्षरं: आय, यू, ओ, एस, वाय. पडद्यावर देवनागरी दिसते ती निव्वळ फॉन्टची करामत. ब्यूटिफुल सूपमध्ये पानाचं एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवण्याची पद्धत, ओळखणारा एक भाग आहे. पण इथे तो काय ओळखणार? त्याच्या दृष्टीनं पान अस्सल रोमन अक्षरांचंच आहे. टॅग चोख जुळतात, रकाना अचूक सापडतो आणि हातात येतो तो निरर्थक रोमन मजकूर. मग त्या-त्या फॉन्टचा वेगळा कन्व्हर्टर हवा. त्यानं ऱ्हस्व वेलांटीही जागेवर न्यायला हवी, कारण या फॉन्टांत ती अक्षराच्या आधी टाइप होते. आणि सूचना म्हणून सही-शिक्क्याच्या कागदाचा स्कॅन केलेला पीडीएफच टाकला असेल, तर तिथे टॅगही नाहीत आणि अक्षरंही नाहीत. ते नुसतं चित्र. असा पीडीएफ शोधयंत्राला सहज सापडत नाही, दृष्टिहीन नागरिकाचं स्क्रीन रीडरही तो सरळ वाचू शकत नाही.

मोडक्या टॅगांसाठी वीस वर्षांत उत्तम हत्यारं तयार झाली. चुकीच्या अक्षरांवर आणि स्कॅनच्या चित्रांवर तसा हमखास इलाज नाही, तो सूचना लिहिणाऱ्याच्याच हातात आहे. म्हणून महापालिका असो, ग्रामपंचायत असो की गृहनिर्माण संस्था, सूचना टाकणाऱ्यांना एकच विनंती: शिक्क्याचा पीडीएफ खुशाल जोडा, पण त्याच्यासोबत तोच मजकूर युनिकोडमध्ये साधा टाइप करून द्या. एखादा टॅग बंद करायचा राहिला तरी चालेल.