त्याच मैदानात एकीलाच का लागतं?

“पोरगी खो-खो खेळायला गेली नि पाय मुरगळून आली, आता खेळ बंद!” गटाच्या बैठकीत हे आम्ही नेहमी ऐकतो. पण २०२५ साली दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक जिंकणाऱ्या आपल्या महिला संघाची कर्णधार प्रियंका इंगळे मूळची शेजारच्या बीड जिल्ह्यातलीच. म्हणून खेळ बंद करण्याआधी इजेची कारणं समजून घेऊ.

खडबडीत मैदान, घसरणारे बूट ही झाली बाहेरची कारणं. पण त्याच मैदानात एकीला लागतं, दुसरीला नाही. कारण काही गोष्टी जिच्या तिच्या शरीरात असतात.

पहिली गोष्ट वय. वयात येताना उंची भराभर वाढते, ताकद मागून येते. उडीवरून उतरताना, एकदम वळताना गुडघे आत झुकतात. त्यामुळे गुडघ्याचं लिगामेंट फाटण्याचा धोका मुलींना मुलांपेक्षा जास्त असतो. यात मुलीचा दोष नाही. बैठका, एका पायावर तोल सांभाळणं आणि गुडघे वाकवून हलकं उतरणं यांचा सराव केला, की धोका कमी होतो.

दुसरी, जुनी इजा. एकदा दुखावलेला सांधा पुन्हा दुखावण्याची भीती मोठी. सूज उतरली म्हणजे पाय बरा झाला असं नाही. दुखऱ्या पायावर चांगल्या पायाइतकी लंगडी घालता येत नसेल, तर अजून थांबायचं. गुडघा मध्येच निसटत असेल, तर नुसती मालीश नको. सरकारी दवाखान्यात दाखवा, गरज पडली तर शहरातलं घाटी रुग्णालय आहेच.

तिसरी गोष्ट मात्र आपल्या घरातली. सगळ्यांची पानं झाल्यावर उरलेलं खाणारी, पहाटे पाणी भरून शाळा गाठणारी पोर संध्याकाळी मैदानात थकूनच उतरते. थकलेला पाय चुकतो. रक्त १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर दम लवकर लागतो. तपासणी करून घ्या. शाळेत मिळणारी लोहाची निळी गोळी आठवड्याला एक, जेवणानंतर घ्यायची, चहासोबत नाही. खेळणाऱ्या मुलीची पाळी तीन महिने आली नाही तर “बरंच झालं” म्हणू नका. कमी खाण्यामुळे पाळी थांबते, हाडंही कमकुवत होतात. डॉक्टरांना विचारा.

वय आपल्या हातात नाही. पण डाळ, शेंगदाणे, गूळ, भाकरी पोटभर आणि आठ तास झोप देणं आपल्या हातात आहे. तेव्हा मैत्रिणींनो, पोरीचं मैदान बंद करू नका, तिचं ताट आधी वाढा!