मऊ स्प्रिंग की ताठ स्प्रिंग?

शर्यतीच्या मोटारींचे विद्यार्थ्यांना किती आकर्षण असते, हे आम्ही वर्गात नित्य पाहतो. वहीच्या शेवटच्या पानावर काढलेली मोटार बहुधा जमिनीला टेकलेली, रुंद चाकांची आणि पुढे निमुळती होत गेलेली असते. तिचे इंजिन किती शक्तीचे, ती ताशी किती किलोमीटर धावते, हे मुलांना तोंडपाठ असते. परंतु चाके आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये जी यंत्रणा असते, तिच्याविषयी सहसा कोणी विचारीत नाही. तिला सस्पेन्शन म्हणतात. शर्यतीच्या मार्गावर जिंकायचे आणि घरच्या रस्त्यावर सुखाने बसायचे, अशा दोन्ही डगरींवर हात ठेवू पाहणाऱ्या स्पोर्ट्‌स कारची खरी कसोटी याच यंत्रणेत लागते.

विद्यार्थी मित्रहो, बैलगाडीला स्प्रिंग नसते. म्हणून चाकाखाली आलेला प्रत्येक दगड गाडीत बसणाऱ्याच्या पाठीला कळतो. टांग्याला पोलादी पाट्यांची स्प्रिंग असते, म्हणून त्यातला प्रवास त्या मानाने सुखाचा. यावरून स्प्रिंगेचे काम केवळ धक्के सोसणे एवढेच आहे, असे कोणासही वाटेल. मोटारीत मात्र तिला याहून महत्त्वाचे दुसरे काम असते. ते म्हणजे टायर रस्त्यावर टेकलेला ठेवणे. प्रत्येक टायरचा जेमतेम तळहाताएवढा भाग एका वेळी जमिनीस लागलेला असतो. वेग घेणे, वळणे आणि थांबणे ही तिन्ही कामे त्या चार तळहातांवर चालतात. टायर क्षणभर जरी उचलला गेला, तरी तेवढा वेळ त्या चाकाचा ब्रेकही निरुपयोगी आणि त्याचे वळणेही निरुपयोगी.

आता स्प्रिंग किती मऊ असावी? याला साधे गणित आहे. गाडीच्या वजनाने स्प्रिंग सुमारे २५ सेंटिमीटर दबत असेल, तर ती गाडी सेकंदाला एक झोका घेते. तीच स्प्रिंग चौपट ताठ केली, तर ती सुमारे ६ सेंटिमीटरच दबते आणि झोके सेकंदाला दोन होतात. कुटुंबाच्या नेहमीच्या गाड्यांत सेकंदाला एक ते दीड झोका ठेवतात. स्पोर्ट्‌स कारमध्ये दीड ते दोन. आणि शर्यतीच्या गाड्यांत त्याहून पुष्कळच अधिक. सेकंदाला चार ते आठ हेलकावे मनुष्याच्या शरीरास सर्वांत अधिक त्रासदायक होतात. उलट झोका फारच मंद झाला, तर बोटीत बसल्याप्रमाणे मळमळू लागते. यावरून सुखाची हद्द दोन्ही बाजूंनी आखलेली आहे, हे ध्यानात येईल.

मग शर्यतीची गाडी इतकी ताठ का करतात? कारण तिचा मार्ग गुळगुळीत असतो. दिल्लीजवळील बुद्ध आंतरराष्ट्रीय मार्गावर २०११ साली फॉर्म्युला वनची भारतातील पहिली शर्यत झाली. तशा मार्गावर खड्डा नसतो, गतिरोधक नसतो, आडवी येणारी म्हैसही नसते. तेथील गाडीच्या तळाखालून आणि पंखांवरून वाहणारी हवा तिला जमिनीकडे दाबते. हा दाब कायम राहावा म्हणून गाडीची जमिनीपासूनची उंची जवळजवळ बदलू द्यायची नसते. कोल्हापूरजवळ मोहिते रेसिंग अकादमीच्या मार्गावर ज्या छोट्या कार्ट गाड्या धावतात, तसल्या गाड्यांना तर स्प्रिंगच नसते. टायर आणि लवचीक सांगाडा यांवरच सारे भागते. गुळगुळीत मार्गावर ते शोभते.

परंतु आपल्या बेळगावहून गोव्यास जाणारा चोर्ला घाटाचा रस्ता घ्या. जांबोटी, कणकुंबी, चोर्ला असे करीत तो साखळीकडे उतरतो. पावसाळ्यात या भागात पाण्याची धार खंडत नाही. वळणे एकामागून एक येतात आणि डांबर उखडले की वळणावरच खड्डा पडतो. येथे शर्यतीची ताठ स्प्रिंग लावलेली गाडी नेली, तर खड्ड्याच्या कडेवरून तिचे चाक उडते आणि नेमके वळणावर टायर रस्ता सोडतो. ताठ गाडी म्हणजे अधिक पकड, ही समजूत येथे पार खोटी ठरते. वळणावर वजन बाहेरच्या चाकांवर जाते, तेही स्प्रिंग ताठ केल्याने थांबत नाही. एकूण किती वजन सरकेल, हे मुख्यत्वे गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, चाकांमधील रुंदी आणि वळण किती जोरात घेतले यांवर ठरते. स्प्रिंगेमुळे गाडीचा कल कमी-अधिक होतो आणि त्या वजनाची पुढच्या व मागच्या चाकांत वाटणी बदलते, इतकेच.

तेव्हा सुख आणि पकड यांचा मेळ घालायचा कोठे? त्याचे मर्म शॉक अ‍ॅब्सॉर्बरमध्ये आहे. गॅरेजात त्याला 'शॉकप' म्हणतात. स्प्रिंग दबते आणि उसळते. ती उसळी जिरवणे हे शॉकपचे काम. नळीत तेल असते, त्यात दट्ट्या सरकतो आणि दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून तेलास वाट काढावी लागते. आपल्या अनगोळला लागून असलेल्या उद्यमबागेत ज्यांच्या घरची माणसे हायड्रॉलिक यंत्रांच्या कामात आहेत, त्यांना हे तत्त्व निराळे सांगावयास नको. खुबी अशी की, वळणावर गाडी कलते तेव्हा दट्ट्या सावकाश सरकतो, आणि चाक खड्ड्यात आपटते तेव्हा तो वेगाने सरकतो. म्हणून छिद्रांवर पातळ पोलादी चकत्या बसवितात. सावकाश हालचालीत त्या बंद राहून गाडीस सावरतात. जोराचा धक्का आला की त्या वाकतात, तेलास वाट देतात आणि धक्का वरच्या माणसापर्यंत पोचत नाही. एकाच नळीत ताठपणा आणि मऊपणा असे नांदतात.

डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी अँटी-रोल बार नावाची कांबही अशीच उपयोगी पडते. दोन्ही चाके एकदम उचलली गेली, तर ती आड येत नाही. गाडी एका बाजूस कलू लागली, तरच ती पिळली जाऊन विरोध करते. मात्र खड्डा एकाच चाकाखाली आला, तर तिच्यामुळे धक्का दुसऱ्या चाकापर्यंतही पोचतो; म्हणून तीही बेताचीच जाड हवी.

विलायतेत कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९६२ साली एलान ही छोटी स्पोर्ट्‌स कार काढली. तिचा कणा ताठ, वजन कमी आणि स्प्रिंगा मात्र मऊ होत्या. तरीही वळणावरील तिची चाल आजही वाखाणली जाते. १९९२ साली विल्यम्स संघाच्या फॉर्म्युला वन गाडीत संगणकच सस्पेन्शन हालवीत असे आणि ती अजिंक्य ठरली. पुढे १९९४ पासून त्या शर्यतीत ही युक्ती बंद करण्यात आली. २००२ साली कॅडिलॅक गाडीत लोहकणमिश्रित तेलाचे शॉकप आले. विजेने चुंबकत्व दिले की हे तेल क्षणार्धात दाट होते. आज महागड्या गाड्यांत एक कळ दाबून सौम्य वा ताठ अशी चाल निवडता येते, ती अशाच युक्त्यांमुळे.

हे सारे सांगण्याचे एक कारण आहे. गाडी शर्यतीच्या गाडीसारखी बसकी दिसावी म्हणून काही तरुण तिच्या स्प्रिंगांचे वेढेच कापून टाकतात. वेढे कमी झाले की स्प्रिंग आखूड होते आणि ताठही होते. चाकाला वर-खाली होण्यास जागा उरत नाही, जुन्या शॉकपचा नव्या स्प्रिंगेशी मेळ बसत नाही आणि खड्ड्यात गाडी थेट रबरी ठोकळ्यावर आपटते. अशी गाडी घाटात भरल्या पावसात चार माणसांना घेऊन उतरत असेल, तर संकट दूर नाही. उत्पादकाने ठरविलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम मनाई करते, हेही लक्षात असावे.

ज्यांना गाडी खरोखर चांगली पळावी असे वाटते, त्यांनी आधी टायरमधील हवा पाहावी आणि झिजलेले शॉकप बदलावेत. गाडीचा एक कोपरा हाताने जोरात दाबून सोडावा. गाडी एकदा वर येऊन स्थिर झाली तर ठीक, झुलत राहिली तर शॉकप थकला असे समजावे. ही परीक्षा ढोबळ आहे, पण तिला पैसा पडत नाही. येत्या सुटीत घरच्या मोठ्यांच्या देखत, गाडी सपाटीवर उभी करून ती अवश्य करून पाहावी. चार कोपऱ्यांपैकी एखादा निराळा वागला, तर पावसाळ्यापूर्वीच गाडी कारागिराकडे न्यावी.